तीन ओळींचा खुलासा

कूलरच्या टाकीत पहिली बादली ओतली की सुकलेल्या गवताला जो वास सुटतो, तो आमच्याकडे उन्हाळ्याचा पहिला वास. मोगरा, कैरी हे सगळं त्याच्यानंतर. जळगावच्या पिंप्राळ्यातल्या आमच्या गल्लीत मार्च संपताना एकेक खिडकी घरघरायला लागते आणि एप्रिलच्या मध्यावर सगळी गल्ली एका सुरात घरघरत असते. यंदाही तसंच झालं. टाकी भरून मी हात पुसले, दाराशी पडलेला पेपर उचलला आणि तो मिटलेलाच हातात धरून उभी राहिले. पेपर उघडायला धीर गोळा करावा लागतो, ही गोष्ट मला पन्नाशी उलटल्यावर कळली. त्यालाही आता दोन आखाज्या, म्हणजे दोन उन्हाळे झाले.

त्या उन्हाळ्यात मी पेपर वाचत नव्हते, मोजत होते.

बावीस वर्षं मी एका कचेरीत तक्ते करण्याचं काम केलं. पाऊस, पेरा, विहिरी, जनावरं. सासूबाई अंथरुणाला खिळल्या तेव्हा नोकरी सोडली, पण सवय सुटली नाही. सिलिंडर किती दिवस पुरला, पाण्याच्या टँकरला फोन केल्यावर किती तासांनी आला, कैरीच्या लोणच्याला कितव्या महिन्यात बुरशी धरली, हे सगळं माझ्या वहीत तारखेसह असतं. त्यामुळे धुळ्याहून देवपूरच्या, माझ्या जुन्या ओळखीच्या शैलाताईंचा फोन आला तेव्हा मी लगेच हो म्हटलं. शैलाताई कॉलेजातून निवृत्त झालेल्या. त्यांनी आठ जण जमवले होते, जळगावचे चार, धुळ्याचे चार. प्रत्येकाने एक स्थानिक पेपर चार महिने रोज तपासायचा. गुन्ह्याची, अपघाताची, अत्याचाराची बातमी आली की कापायची, मोजायची आणि तिच्यासाठी बारा प्रश्नांचा तक्ता भरायचा.

प्रश्न साधेच होते. आरोपीची जात, जमात किंवा धर्म लिहिला आहे का? बातमीला त्याची गरज होती का? जिच्यावर अत्याचार झाला तिची ओळख कळते का? फोटोत चेहरे उघडे आहेत का? दुसरी बाजू विचारली का? माणूस निर्दोष सुटल्यावर ती बातमी आली का, आणि आली तर कितव्या पानावर?

सकाळी सहाला मी गच्चीवर बसायची. त्या वेळी फरशी थंड असते, आठनंतर पाय ठेववत नाही. लाकडी फूटपट्टी, लाल पेन्सिल, कात्री, डिंकाची बाटली. शेजारी आदल्या दिवशी वाळत घातलेल्या कुरडया. कावळे कुरडयांवर आणि मी बातम्यांवर. आमचे हे गच्चीवर चहा घेऊन यायचे आणि उरलेला पेपर उजेडासमोर धरायचे.

"खिडक्या पाडल्यास पेपराला," म्हणायचे. "आता क्रिकेट कुठल्या खिडकीतून बघू?"

"मागच्या पानावर आहे. तिथे कोणाची जात नसते."

"बरं झालं सांगितलंस. मी तिथेच राहतो."

तेव्हा अशी थट्टा चालायची.

महिनाभरात मला काही गोष्टी दिसायला लागल्या. कॉलनीतल्या माणसाने काही केलं तर ते 'एकाने' केलेलं असतं. वस्तीतल्या माणसाने केलं तर 'टोळीने'. एकावर 'संशय' असतो, दुसऱ्याच्या 'मुसक्या आवळलेल्या' असतात. अल्पवयीन मुलीचं नाव छापायचं नाही हा नियम सगळ्यांना पाठ आहे. म्हणून नाव गुप्त ठेवल्याचं छापायचं आणि त्याखाली तिच्या वडिलांचा धंदा, गल्ली, शाळा, इयत्ता. तिच्या गल्लीत एवढ्यावर नाव ओळखता न येणारा माणूस सापडणार नाही. नवऱ्याने बायकोचं डोकं फोडलं की ते 'किरकोळ वादातून' असतं. वादाचं कारण किरकोळ असतं हे लिहिणाऱ्याला कसं कळलं, याला माझ्या तक्त्यात रकाना नव्हता.

आणि हे सगळं मी त्याआधी पंचवीस वर्षं वाचतच आले होते, चहाबरोबर. एकदाही घास अडकला नव्हता. ज्याने आयुष्यभर मोजमाप केलं त्याला स्वतःच्या डोळ्यांची ही चूक फार लागते.

पुढे जे लिहायचं आहे त्यात एक बाई आहे. तिचं नाव मी लिहिणार नाही. तिचा समाज लिहिणार नाही, तिचं गाव नाही, ज्या भावाच्या मळ्यात ती होती त्या माझ्या भावाचं नाव नाही. अपुरी नोंद म्हणजे नोंदच नाही, असं मी कचेरीत नव्या मुलींना शिकवत आले. त्याच तोंडाने आज हे सांगते आहे.

आखाजीला मी फैजपूरला माहेरी जाते. लग्नाला अठ्ठावीस वर्षं झाली, त्यात तीन चुकल्या. दोन बाळंतपणांच्या, एक सासूबाईंच्या आजारपणाची. खानदेशात आखाजी, म्हणजे अक्षय तृतीया, ही सासुरवाशिणींची दिवाळी. घागर भरायची, तिच्यावर डांगर, म्हणजे खरबूज, ठेवायचं, आमरसाला पाट मांडायचे, निंबाच्या फांदीला झोका. तापीच्या पुलावरून एसटी गेली की दोन्ही बाजूंनी केळी सुरू होतात आणि खिडकीतून येणारी झळ दोन बोटं कमी होते. मी ती दरवर्षी गालावर तपासते.

त्या वर्षी मी फाईल आणि फूटपट्टी घेऊनच माहेरी गेले. कामात खाडा नको.

ती माझ्या भावाच्या मळ्यात दोन वर्षं कामाला होती. विहिरीजवळच्या खोलीत राहायची, सोबत सातवीतली मुलगी. पश्चिमेकडून, धुळ्यापलीकडून आलेली. तिच्या लोकांची पालं दर हंगामाला हलतात, त्यामुळे ही मुलगी एका शाळेत सलग दोन वर्षं बसली ही त्यांच्या घरातली पहिलीच गोष्ट होती. तिची आई हे मला आल्यागेल्याला सांगावं तसं सांगायची. "आते तिसरं वरीस लागी, अक्का." मुलगी वहीला जुन्या साडीच्या पदराचं कव्हर घालायची.

आखाजीच्या आधी आमच्याकडे बिबड्या होतात. ज्वारी भिजवून, आंबवून, दळून तिचा घाटा शिजवायचा आणि ओल्या कापडावर हाताने पसरायचा. माझ्या वहिनीने तिला हे शिकवलं होतं आणि वर्षभरात ती वहिनीच्या पुढे गेली. माझ्या वीस होईपर्यंत तिच्या साठ झालेल्या असायच्या. सगळ्या एका मापाच्या, बशी ठेवून पाहिली तरी फरक नाही. आणि प्रत्येकीच्या कडेला ती अंगठ्याने एक खळगी दाबायची. का, विचारलं तर म्हणाली, "वाळनी का आठेतीन धरी सन उचलनी. मोडत नही." वाळलेली बिबडी धरायला मूठ. इतकी वर्षं आम्ही बिबड्या करतोय, आमच्या कोणाच्या डोक्यात आलं नव्हतं.

दुपारी ओसरीवर मी बातम्या कापत बसले होते. आतून वहिनीच्या पाट्याचा आवाज, बाहेर कोणी नाही. ती पायरीवर येऊन बसली. बराच वेळ कात्रीकडे बघत राहिली.

"अक्का, तुम्ही बठ्ठा पेपर वाचतस का?"

"एकच. पण पूर्ण."

"त्यामा पंधरा दिनमांगे पाच जनसना फोटू उना व्हता का? केबलनी चोरीना?"

आला होता. विहिरीवरच्या मोटारींची तांब्याची केबल चोरणारी टोळी जेरबंद, असा मथळा, त्यात समाजाचं नाव. मी फाईल उघडून तिला तो कागद दाखवला. ती वाकली. फोटोत पाच माणसं जमिनीवर उकिडवी, मागे ओळीने उभे असलेले गणवेश. पाचांतल्या दोन बायका. डावीकडून दुसरी ती होती.

मी त्या बातमीची लांबी लिहिली होती, रुंदी लिहिली होती. तीन कॉलम, अठरा सेंटिमीटर. 'चेहरे उघडे आहेत का', होय. 'जमिनीवर बसवले आहे का', होय. चेहरे मोजले होते, पाच. बघितला एकही नव्हता.

नणंदेकडे लग्न होतं म्हणून ती दोन दिवसांची सुट्टी घेऊन गेली होती. लग्नाच्याच पहाटे वस्तीवर पोलिसांची गाडी आली आणि समोर सापडले ते उचलले. "दोन दिन बसाडी ठेवं. मंग सोडी दिनं. चूक व्हयनी म्हनी सन बी नही सांगं." सुटल्याची बातमी आली नव्हती. माझ्या शेवटच्या रकान्यात तशी फुली होतीच.

तिने विचारलं ते वेगळंच. कागद माझ्यासमोर धरून म्हणाली, "खरं सांगा अक्का, मी वळखू येस का?"

मी नीट पाहिलं. छपाई काळपट, डोक्यावरून पदर, अर्धं तोंड सावलीत. बातमीत बायकांची नावं नव्हती, नुसतं 'दोन महिला'. मी म्हटलं, "नाही. माहीत नसलेल्याला कळणार नाही."

तिने श्वास सोडला आणि चक्क हसली. "मंग ऱ्हाऊ द्या. आठे कोनले माहीत नही. भाऊले सांगू नका."

मंग ऱ्हाऊ द्या. हे तीन शब्द तिने स्वच्छ उच्चारले होते. मी ते ऐकले होते. आज कोणी शपथेवर विचारलं तरी मी हेच सांगेन.

पण मला राहवेना. माझ्यासमोर पहिल्यांदा बातमीतलं जिवंत माणूस बसलं होतं. तोवर आमच्या गटाने वेगवेगळ्या पेपरांना अकरा पत्रं पाठवली होती. चुका दाखवणारी, सभ्य भाषेतली. एकाचंही उत्तर नव्हतं. शैलाताई म्हणायच्या, आपली पत्रं मोघम असतात म्हणून त्यांना केराची टोपली दाखवतात. इथे तर सगळं स्पष्ट होतं. मी तिला समजावलं. पेपरने चूक केली, त्यांनी ती दुरुस्त केली पाहिजे, आज ही उद्या दुसरी, कोणीतरी बोललं पाहिजे. बराच वेळ बोलले. मला वाटतं मी चांगलंही बोलले. शेवटी तिने माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाली, "तुम्ही शिकेल शेत, अक्का. तुम्ही करशात ते चांगलंच व्हई."

मी तक्त्याच्या तळाशी लिहिलं, 'संबंधित व्यक्तीची संमती: होय.'

जळगावला परत आल्यावर मी पत्र लिहिलं. दोन पानं. तारीख, पान, कॉलम, मथळा जसाच्या तसा. आणि पुरावा भक्कम हवा म्हणून तिचं पूर्ण नाव, वय, समाज, मूळ गाव, सध्या कुठे राहते, कोणाच्या मळ्यात काम करते, मालकाचं नाव. माझं पत्र कोणी मोघम म्हणू नये. चौथ्या दिवशी पेपरच्या कचेरीतून एका उपसंपादकाचा फोन आला. तरुण आवाज, अदबशीर.

"मॅडम, अशी तक्रार आम्हाला कधी येतच नाही. सगळं आहे तुमच्या पत्रात, नाव, गाव. काम सोपं झालं. उद्या खुलासा लावतो."

"त्याच पानावर?"

"त्याच पानावर, मॅडम. तुम्ही सांगाल तिथे."

मी शैलाताईंना फोन केला. त्या इतक्या खुश झाल्या की त्यांनी मला गुलाबजाम कबूल केले. दुसऱ्या दिवशी पावणेसहालाच मी दाराशी उभी होते.

खुलासा तीन ओळींचा होता. त्या ओळी इथे उतरवत नाही. एवढंच सांगते की त्यांत खोटं एक अक्षर नव्हतं. समाज होता, तिचं नाव होतं, गाव होतं, सध्या फैजपूर शिवारात अमुक शेतकऱ्याकडे मजुरी करते असं होतं, आणि केबलच्या चोरीशी तिचा संबंध आढळला नाही असं होतं. मी पट्टी ठेवली. एक कॉलम, साडेतीन सेंटिमीटर. मग पट्टी बाजूला ठेवून पुन्हा वाचलं. मग कात्री घेऊन कात्रण कापलं.

भावाचा फोन दुपारी आला. त्याच्याकडे तो पेपर येत नाही. पण गावात कोणाच्या ना कोणाच्या ओट्यावर येतोच, आणि ज्याच्या-त्याच्या मोबाईलवर त्याचा फोटो फिरला होता. त्याच शिवारात महिन्यात तीन विहिरींवरच्या केबली गेल्या होत्या. ज्यांच्या गेल्या ते तिघे भावाच्या खळ्यावर येऊन बसले होते.

"ताई, हे काय छापून आलं?"

"तिने काही केलं नाही, असं छापलंय भाऊ. नीट वाच."

"वाचलं. तिनं केलं नाही हे मला आधीच माहीत व्हतं. केबलचं काही हाये हेच माहीत नव्हतं." मग त्याने आवाज खाली घेतला. "लोक म्हनतात, काही नसतं त पेपरात नाव कशाला येईन."

माझा भाऊ वाईट माणूस नाही. हे मी त्याची बहीण म्हणून लिहीत नाही. त्याने तिला काढलं नाही. तो फक्त म्हणाला, थोडे दिवस जाऊन ये, वातावरण निवळू दे. आमच्याकडे उन्हाळ्यात वातावरण निवळत नाही. त्या तिघांनी खळ्यावरून उठताना विहिरीजवळच्या खोलीकडे एकदा पाहिलं, तेवढं तिला पुरलं असणार.

मी दुसऱ्या दिवशी पहिल्या एसटीने गेले. ती भांडी गोणीत भरत होती. मुलगी शाळेचा दाखला आणायला गेली होती. सुट्ट्या लागल्या होत्या, कचेरी अर्धाच दिवस उघडी. खोलीच्या दाराशी बिबड्यांचं ओलं कापड वाळत होतं, त्यावर घाट्याच्या गोल खुणा.

मी काय बोलले ते मला आठवत नाही. बहुतेक मी पेपरला दोष देत होते. ती मला समजावल्यासारखं म्हणाली, "तुम्ही खोटं नही लिखं, अक्का. खरंच लिखं." गोणीचं तोंड तिने सुतळीने आवळलं. "ज्यासले माहीत नव्हतं, त्यासले बी आते माहीत व्हयनं. बस, तेवढंच व्हयनं."

रागावली असती तर मी आयुष्यभर त्या रागाला धरून राहिले असते.

उपसंपादकाला मी पुन्हा फोन केला. तो गोंधळला. "पण मॅडम, नाव तुम्हीच दिलं होतं ना?" दिलं होतं. पेपरच्या वेबसाइटवरून तरी तेवढं काढा म्हटलं, तर तो विचारून सांगतो म्हणाला. विचारून त्याने सांगितलं की सिस्टिममधून एकदा गेलेलं निघत नाही. तोवर मला वाटायचं पेपर म्हणजे दुसऱ्या दिवशी रद्दी. वाण्याची पुडी, कपाटातला अंथरलेला कागद. ते आता खरं नाही. आता जुना पेपर नवाच राहतो.

चार महिने संपले. शैलाताईंनी अहवाल केला. धुळ्याच्या एका छोट्या सभागृहात तो वाचला, पंधरा-वीस माणसं होती, पंखे जोरात फिरत होते आणि कागद उडू नयेत म्हणून प्रत्येकाने मोबाईल ठेवले होते. पाठवलेली पत्रं बारा, छापलेले खुलासे एक. ते एक वाचताना शैलाताईंचा आवाज चढला. मी उठून म्हटलं, ते वगळा. त्या जागेवरूनच हळू म्हणाल्या, "अगं, आपल्याकडे दाखवायला एवढंच आहे." खोटं नव्हतं तेही.

मी तिला शोधलं. तिचा मोबाईल आधी बंद होता, मग तो क्रमांक अस्तित्वातच नाही असं एक बाई दोन भाषांत सांगू लागली. धुळ्याला गेले की एसटी स्टँडवर एक बस मुद्दाम सोडायची आणि पश्चिमेकडून येणाऱ्या गाड्यांतून कोण उतरतं ते बघत बसायची. एकदा तिच्या मूळ गावापर्यंत जायला निघाले आणि निम्म्या वाटेतून परतले. तिथे जाऊन मी काय केलं असतं? तिचं नाव घेऊन दारोदार चौकशी. पुन्हा तेच.

नवरा म्हणाला, "तू चांगल्यासाठी केलंस." जगातलं सगळ्यात निरुपयोगी वाक्य आहे ते. हेतू मोजायला पट्टी नाही. परिणाम मोजता येतो. एक खोली गेली, एक शाळा गेली. मुलीचं तिसरं वर्ष.

गेल्या उन्हाळ्यात मी काम घेतलं नाही. यंदा शैलाताईंनी पुन्हा गट जमवला, नवी पाच माणसं आली, आणि जुन्या फाईली माझ्याकडे असल्यामुळे मला जावं लागलं. बैठक त्या नव्यांतल्या एकींच्या घरी होती. घर कुठलं ते सांगत नाही. जळगाव आणि धुळ्याच्या दरम्यान कुठेही समजा.

साडेदहाचं ऊन. मी जरा आधी पोचले. बाहेर फाटकाजवळ खाटेवर पांढरं कापड पसरलेलं होतं आणि त्यावर बिबड्या वाळत होत्या. सगळ्या एका मापाच्या. मी चपला काढायला वाकले आणि वाकलेलीच राहिले. प्रत्येकीच्या कडेला अंगठ्याची खळगी होती.

बाकीचे आल्यावर आत बसलो. घरच्या बाई गप्पिष्ट. मी सहज विचारावं तसं विचारलं, बिबड्या तुमच्याकडे करतात? "छे हो, आम्हाला कुठे येतात. आमच्या कामाच्या बाई आहेत ना, त्यांनी शिकवल्या. देवमाणूस आहे. मागच्या खोलीत राहतात. मधे एक वर्ष बुडालं, तरी मुलगी नववीला गेली, गणितात पहिली येते." आणि त्यांनी तिचं नाव सांगितलं. ते नाव तिचं नव्हतं.

त्याच वेळी शैलाताई माझी फाईल उघडून नव्या लोकांसमोर टीपॉयवर पसरत होत्या. "आपण काय मिळवू शकतो ते आधी दाखवते." मी स्वतःच्या हाताने केलेला कागद होता तो. डावीकडे फोटोसकट मूळ बातमी, उजवीकडे तीन ओळींचा खुलासा, खाली तांबड्या पेन्सिलने मापं.

आतून ट्रे घेऊन ती आली.

केसांत पांढरं वाढलं होतं. साडी वेगळ्या पद्धतीची. तिने मला पाहिलं. मग टीपॉयवर पाहिलं. तिला वाचता येत नाही, पण तो फोटो तिने एकदा फार जवळून पाहिलेला होता. ट्रेमधले पेले वाजले नाहीत, इतकी ती स्थिर उभी राहिली. मग माझ्यापुढे पेला धरून म्हणाली, "पाणी घ्या ताई." शहरी मराठीत. अक्का नाही. आवाजातून खानदेश पुसून काढलेला.

मी पेला घेतला आणि त्या कागदावर ठेवला, नेमका फोटोवर. पेल्याच्या बुडाला पाणी होतं. मग रुमालाने पुसायला म्हणून कागद उचलला, पुसता पुसता घडी केली, आणि घडी पर्समध्ये गेली. हे करायला किती सेकंद लागले ते मी मोजलं नाही.

शैलाताईंनी चष्मा लावला. "अगं, खुलाशाचं कात्रण कुठंय? आत्ता इथे होतं."

"ते नव्हतं. दुसरं होतं."

"मग ते?"

"हरवलं बहुतेक."

"तुझ्याकडून?" त्यांनी मला वीस वर्षांत एक पावती हरवताना पाहिलेलं नाही.

"माझ्याकडून."

त्या माझ्याकडे बघत राहिल्या. नवी माणसं जमिनीकडे. आतून भांडं घासल्याचा आवाज सुरू झाला, तेव्हा मला कळलं की तोपर्यंत तो थांबलेला होता.

निघताना ती फाटकाशी बिबड्या उलथत होती. मी चपला घातल्या. कितीतरी वाक्यं दोन वर्षं पाठ करून ठेवली होती. घरच्या बाई दारात उभ्या होत्या, म्हणून मी ओळख नसलेल्या बाईकडे बघावं तशी तिच्याकडे पाहिलं आणि निघाले. माझ्याकडून तिला देता येण्यासारखं तेवढंच शिल्लक होतं. तिने मान वर केली नाही.

घरी येऊन मी गेल्या वेळच्या तक्त्यात 'छापलेले खुलासे' या रकान्यातला एक खोडला आणि शून्य लिहिलं. आयुष्यात पहिल्यांदा माहीत असून चुकीचा आकडा लिहिला. मग मोबाईलवर तिचं खरं नाव टाकून पाहिलं, दर आठवड्याला बघते तसं. तीन ओळी होत्या. खाली तारीख, आणि पुढे पाठवण्यासाठीचं चिन्ह.

माझ्या फाईलमधली एक प्रत कमी झाली. ती ओली घडी अजून पर्समध्येच आहे, फाडायचा धीर होत नाही. बाकीच्या प्रती किती, कोणाकोणाच्या मोबाईलमध्ये, त्यांतला कोण कधी त्या फाटकातून आत जाईल, हे मला मांडता येत नाही. मुलीची दहावी व्हायला अजून दोन उन्हाळे आहेत. तेवढे मोजते आहे.